इंग्रजी लेखनातील दिनांक आणि विरामचिन्हे : एक विवेचन

प्रस्तावना :
शोधनिबंध, प्रकल्प अहवाल, प्रमाणपत्रे, परिषदांची निमंत्रणे अशा अनेक निमित्तांनी महाविद्यालयीन अध्यापकांस इंग्रजीत दिनांक लिहावा लागतो. एकाच लेखात तो दोन-तीन प्रकारे लिहिलेला आढळणे ही अपूर्वाई नव्हे. वस्तुतः दिनांकातील स्वल्पविराम ही शोभेची खूण नसून त्याला निश्चित कार्य आहे. ते कार्य ध्यानी आल्यास नियम पाठ करण्याची आवश्यकता उरत नाही.

दोन प्रमुख पद्धती :
अमेरिकन पद्धतीत महिना, दिवस, वर्ष असा क्रम असतो. उदा. 'ऑगस्ट १५, १९४७'. येथे दिवस व वर्ष या दोन संख्या लगत येतात. त्या विलग राहाव्यात म्हणून स्वल्पविराम अपरिहार्य ठरतो. या रचनेत वर्ष हे कंसातील मजकुरासारखे मानले जाते. म्हणून वाक्य पुढे चालू राहात असेल तर वर्षानंतरही स्वल्पविराम द्यावा लागतो. उदा. 'ऑन ऑगस्ट १५, १९४७, इंडिया बिकेम इंडिपेंडंट'. हा दुसरा स्वल्पविरामच बहुधा गाळला जातो.

ब्रिटिश पद्धतीत '१५ ऑगस्ट १९४७' असा क्रम असतो. दोन संख्यांच्या मध्ये महिन्याचे नाव असल्याने स्वल्पविरामाचे प्रयोजनच उरत नाही. याच कारणास्तव 'ऑगस्ट १९४७' असा केवळ महिना व वर्षाचा उल्लेखही सामान्यतः स्वल्पविरामाविना केला जातो.

अंकात्मक दिनांकातील संदिग्धता :
०३/०४/२००८ हा दिनांक भारतीय वाचकास ३ एप्रिल, तर अमेरिकन वाचकास ४ मार्च वाटेल. दिवसाचा अंक १२ पेक्षा मोठा असल्यास घोटाळा आपोआप टळतो. अन्यथा निबंध पाठविण्याची अंतिम मुदत एका महिन्याने चुकू शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहारात महिना अक्षरांत लिहावा. संगणकीय नोंदींसाठी १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आय.एस.ओ. ८६०१ या मानकानुसार वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवावा. उदा. २००८-०४-०३.

दशके व कालखंड :
दशक दर्शविताना १९९० या संख्येस केवळ 'एस' हे अक्षर जोडावे. हे अनेकवचन आहे, स्वामित्वदर्शक रूप नव्हे. म्हणून मध्ये अपॉस्ट्रॉफी नको. मात्र शतकाचे अंक गाळून केवळ ९० लिहावयाचे असल्यास गाळलेल्या अंकांच्या जागी, म्हणजे ९० च्या आधी, अपॉस्ट्रॉफी येते. कालखंडासाठी 'फ्रॉम १९१४ टू १९१८' अथवा '१९१४–१९१८' यांपैकी एक रूप स्वीकारावे. 'फ्रॉम' हा शब्द योजून पुढे 'टू' ऐवजी रेघ देणे सदोष होय. कारण त्या शब्दाची जोडी अपुरी राहाते.

निष्कर्ष :
दोन्ही पद्धती प्रमाण आहेत. दोष आहे तो त्यांच्या सरमिसळीत. भारतीय लेखकास ब्रिटिश क्रम सोयीचा असला तरी ज्या नियतकालिकाकडे लेख पाठवावयाचा, त्याची शैली अंतिम मानावी. संदर्भसूचीत तर दिनांकाचा क्रमही बदलतो : ए.पी.ए. शैलीत वर्ष आधी येते, एम.एल.ए. शैलीत दिवस. एकदा स्वीकारलेली पद्धती लेखाच्या अखेरपर्यंत पाळणे, हीच अचूकतेची खरी कसोटी होय.