किल्ली कोणाच्या हाती द्यावी?

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांत शिरलेल्या चोरांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला सुमारे ९५ कोटी डॉलर वळते करण्याचे बनावट आदेश पाठविले. बहुतेक आदेश अडविले गेले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर तर नावातील एका शुद्धलेखनाच्या चुकीमुळे वाचले. तरीही ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचलेच. त्या बँकेत फायरवॉल नव्हती आणि जोडणीसाठी अवघ्या १० डॉलरचे जुने स्विच वापरले होते, असे तपास अधिकाऱ्याने पुढे सांगितले.

एवढ्या मोठ्या संस्थेची ही कथा! मग कारखाना, दवाखाना वा पेढी चालविणाऱ्या आपल्या ग्राहकांचे काय? हिशेब, पगारपत्रके आणि नेट बँकिंग हे सारे बहुधा एकाच संगणकजाळ्यावर, म्हणजे नेटवर्कवर, चालते. ते तपासण्यासाठी सल्लागार नेमणे शहाणपणाचेच. परंतु त्याची निवड चुकली, तर चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यासारखे होईल.

पहिली कसोटी निःपक्षपातीपणाची. उपकरणे विकणारा आणि ती तपासणारा एकच नसावा. स्वतःच्या मालातील दोष कोण दाखवील?

दुसरी कसोटी पात्रतेची. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने मान्यता दिलेल्या लेखापरीक्षक संस्थांची यादी जाहीर असते. ती अवश्य पाहावी. ‘सीआयएसए’ व ‘सीआयएसएसपी’ या प्रमाणपत्रांसाठी परीक्षेबरोबर कामाचा अनुभवही लागतो. प्रमाणपत्राची खातरजमा ते देणाऱ्या संस्थेकडूनच करावी. तसेच, बोलणी करावयास येणारी व्यक्ती आणि प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती एकच आहे का, हेही विचारावे.

तिसरी कसोटी गोपनीयतेची. पूर्वीच्या कामाचा नमुना अहवाल मागावा. त्यात जुन्या ग्राहकाचे नाव तसेच ठेवलेले दिसले, तर तेथेच थांबावे. उद्या आपलाही अहवाल असाच फिरेल.

निवड झाल्यावर लेखी करार करावा. कोणते संगणक, कोणत्या वेळी, कोणत्या मर्यादेत तपासायचे, हे त्यात स्पष्ट असावे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा ठरू शकते; म्हणून ही लेखी संमती दोघांच्याही हिताची. दोष दूर केल्यानंतरची फेरतपासणी आणि आपली माहिती परत करणे वा नष्ट करणे, हीही कलमे असावीत. तपासणीसाठी तात्पुरते खाते उघडून द्यावे आणि काम संपताच ते बंद करावे. नेट बँकिंगचा पासवर्ड वा ओटीपी मात्र सल्लागारालाही कदापि सांगू नये.

शेवटी एक साधा प्रश्न विचारावा : “आमच्याकडे घुसखोरी झालीच, तर पहिल्या सहा तासांत काय करायचे?” एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनांची माहिती सर्ट-इनला सहा तासांच्या आत द्यावी लागते, आणि संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. जाणकार सल्लागार याचे उत्तर मुद्देसूद देईल. “तशी वेळच येणार नाही, शंभर टक्के हमी माझी,” असे म्हणणाऱ्याला नम्रपणे निरोप द्यावा. आपल्या उणिवा स्पष्ट शब्दांत, लेखी दाखवून देणारा सल्लागारच आपल्या विश्वासास पात्र होय.