हिपॅटायटिस-बी : विषाणूचे जनुकीय प्रकार आणि स्थलांतरित समाज
(पेडणे व डिचोली तालुक्यांच्या संदर्भात)

प्रास्ताविक

पेडणे व डिचोली या उत्तर गोव्यातील तालुक्यांचे स्वरूप गेल्या काही दशकांत बदलले आहे. पेडण्यात किनारी पर्यटन वाढले, डिसेंबर २०२२ मध्ये मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले. डिचोलीत खाणी व कारखान्यांमुळे परप्रांतीय कामगार पूर्वीपासून येत आहेत. त्यांची मुले आज आपल्या वर्गात बसतात. ‘हे लोक रोग घेऊन येतात’ असे त्यांच्याविषयी सहज बोलले जाते. हिपॅटायटिस-बीच्या बाबतीत हे म्हणणे कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषाणू व त्याचे प्रकार

कावीळ अनेक कारणांनी होते. हिपॅटायटिस-ए व ई दूषित पाणी-अन्नातून पसरतात. बी मात्र रक्त, लैंगिक संबंध आणि प्रसूतीवेळी मातेकडून बाळाला, अशा मार्गांनी पसरतो. एकत्र जेवल्याने किंवा हस्तांदोलनाने तो होत नाही. १९६५ साली डॉ. बारूख ब्लुम्बर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात याची खूण सापडली, म्हणून तिला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हटले गेले. हा आजार ऑस्ट्रेलियाचा नव्हे, तरी नाव चिकटले.

या विषाणूचा जनुकसंच सुमारे ३२०० अक्षरांचा असतो. त्यात आठ टक्क्यांहून अधिक फरक आढळला की वेगळा जनुकीय प्रकार, म्हणजे जीनोटाइप, मानला जातो. ए ते जे असे दहा प्रकार सांगितले जातात. भारतात डी व ए हे प्रमुख असून पूर्व व ईशान्य भारतात सी प्रकारही आढळतो. सी प्रकारात विषाणूची जोमदार अवस्था अधिक काळ टिकते व यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ए प्रकार इंटरफेरॉनला तुलनेने चांगला प्रतिसाद देतो. टेनोफोव्हिर, एन्टेकॅव्हिर ही औषधे मात्र सर्वच प्रकारांवर उपयोगी पडतात.

स्थलांतराचा अर्थ

माणूस जातो तेथे विषाणूही जातो, हे खरे. ए प्रकाराची ए-१ ही शाखा आफ्रिकेत, भारतात व ब्राझीलमध्ये आढळते. जुन्या सागरी व्यापाराच्या व गुलामांच्या वाहतुकीच्या मार्गांनी ती पसरली असावी, असा संशोधकांचा कयास आहे. तेव्हा जनुकीय प्रकार हा विषाणूच्या प्रवासाचा माग आहे. तो कोणत्याही जमातीवरचा डाग नव्हे.

आपणही स्थलांतरित आहोत, हे विसरू नये. आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांची या विषाणूची तपासणी होते व तो आढळल्यास उमेदवार अपात्र ठरतो. काहींना आपल्या संसर्गाचा पहिला पत्ता तेथेच लागतो. घरचा तरुण असा परत आला की आपल्याला दुःख होते. तीच सहानुभूती पेडण्यातील मजुराला मिळायला हवी.

खरा धोका कोठे आहे?

नवजात बाळाला संसर्ग झाल्यास सुमारे नव्वद टक्के वेळा तो कायमचा राहतो. निरोगी प्रौढांत हे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असते. म्हणून जन्मानंतर चोवीस तासांच्या आत दिलेली लस फार मोलाची आहे. राष्ट्रीय लसीकरणात ही लस २०११ मध्ये देशभर आली व गोव्यात पंचगुणी लस २०१२ पासून सुरू झाली. म्हणजे आज महाविद्यालयात शिकणारी पिढी त्यापूर्वी जन्मलेली आहे. मूल गोव्यातले असो वा बाहेरचे, त्याला लस मिळालीच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहतो. निर्जंतुक न केलेली सुई, गोंदण, सामाईक वस्तरा हे त्याचे मार्ग आहेत. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे वापरलेल्या सुयांमुळे मोठी साथ आली होती. हज-उमराहच्या वेळी मुंडण करताना आणि खतना करतानाही हे लक्षात ठेवले पाहिजे. इतर सर्वांप्रमाणे आपल्यालाही नवे पाते व निर्जंतुक साधने यांचा आग्रह धरावा लागेल.

अध्यापकांची जबाबदारी

सामुदायिक महाविद्यालयांत रुग्णसेवा, केशकर्तन, सौंदर्यसेवा असे अभ्यासक्रम असतात. त्यांत रक्ताशी संबंध येतो. प्रात्यक्षिके सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या लसीकरणाची विचारपूस व्हावी. प्रौढांना शून्य, एक व सहा महिने अशा तीन मात्रा पुरतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य आहेत, ही माहिती वर्गातून घरोघर जावी. कोणा विद्यार्थ्याचा अहवाल सकारात्मक आला तर तो गुप्त ठेवावा आणि त्याला वर्गातून वा प्रशिक्षणातून वगळू नये.

समारोप

जनुकीय प्रकारांचा अभ्यास प्रयोगशाळेत होत राहील. तालुक्यातील शिक्षकाला करता येण्याजोगे काम त्याहून सोपे आहे : आपल्या वर्गातील किती जणांनी लस घेतली, एवढे विचारणे. उत्तर देणारा मूळचा डिचोलीचा असो वा कालच गुलबर्ग्याहून आलेला असो, त्याला आपण विचारायचा प्रश्न एकच आहे.