डी अँड डी मधला गद्दार खरं बोलतोय हे कसं ओळखायचं?

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या ग्रुपमध्ये एक भांडण हमखास होतं. आठ-दहा सेशन्स टोळी एकत्र लढते, लूट वाटून घेते, आणि मग चोर जाहीर करतो की तो पहिल्या दिवसापासून शत्रूला सामील होता. बाकीचे खवळतात. दगा दिला म्हणून नाही. दगा तर मजेचाच भाग आहे. खवळतात ते "हे तू आत्ता ठरवलंस" म्हणून.

आमच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये हे झालं तेव्हा दोघं जण महिनाभर खेळायला आले नाहीत. यावरचा उपाय क्रिप्टोग्राफीत आयता आहे, फुकट आहे, आणि पाच मिनिटांत होतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम, गोष्ट पुढे नेतो. बाकीचे योद्धा, जादूगार वगैरे होतात. चोर हा प्रकार १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत आला. आता त्याला 'रोग' म्हणतात, आणि काही टोळ्यांत तो मराठी अर्थानेही तसाच असतो.

टेबलावर खेळताना गुपित सांगायचं तर चिठ्ठी लिहून डीएमच्या हातात द्यायची. चिठ्ठीत काय आहे ते कळत नाही, पण चिठ्ठी गेली हे सगळे बघतात. आमच्या भाषेत हा मेटाडेटा फुटला. म्हणून मुरलेले डीएम सगळ्यांनाच चिठ्ठ्या वाटतात, काही चक्क कोऱ्या. रोल२० सारख्या ऑनलाइन टेबलावर ही अडचण नाही. चॅटमध्ये व्हिस्परची कमांड टाकली की मेसेज थेट डीएमला जातो, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

पण आता गुपिताला डीएम सोडून साक्षीदारच उरला नाही. आणि डीएम चोराचा रूममेट असेल तर? आमच्याकडे होता.

इथे कामाला येतं ते 'कमिटमेंट'. कल्पना साधी आहे: गुपित आज बंद पाकिटात सगळ्यांसमोर ठेवायचं. वेळ येईपर्यंत कोणी वाचू शकणार नाही, आणि ठेवणारा मजकूर बदलू शकणार नाही. पाकिटाचं काम करतो हॅश. एसएचए-२५६ ला कुठलाही मजकूर द्या, तो त्यातून ६४ अक्षरांचा ठसा काढतो. तोच मजकूर दिला की तोच ठसा. एक काना बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा. ठशावरून मजकूर काढायचा उलटा रस्ता मात्र नाही.

तर चोराने गुपित एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं, तिचा हॅश काढून ग्रुपवर टाकायचा आणि फाइल जपून ठेवायची. बिंग फुटलं की फाइल सगळ्यांना द्यायची. प्रत्येकाने आपापल्या मशीनवर हॅश काढायचा. जुळला, विषय संपला. डीएमवर विश्वास आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही.

आता खाचाखोचा, कारण खरी गंमत त्यातच आहे.

'मी गद्दार आहे' एवढंच लिहू नका. जादूगार हुशार असेल तर तो अशी शंभर वाक्यं बनवून प्रत्येकाचा हॅश जुळवून बघेल. म्हणून शेवटी काहीतरी अंदाज न लावता येणारं लांबलचक टाका, वीस-तीस रँडम अक्षरं. याला सॉल्ट म्हणतात. पाहिजे तर चवीपुरतं नाही, मूठभर टाका.

एमडी५ वापरू नका. दोन वेगळ्या फाइल्सचा एकच एमडी५ निघेल असं मुद्दाम घडवून आणता येतं हे २००४ सालीच दाखवलं गेलंय. म्हणजे चोर 'निष्ठावान' आणि 'गद्दार' अशा दोन फाइल्स तयार ठेवून सोयीची ती उघडेल.

हॅश काढून देणाऱ्या वेबसाइटवर गुपित पेस्ट करू नका, ते परक्या सर्व्हरवर गेलं. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही कमांड आधीच असते.

आणि खास आपली अडचण: मराठीत लिहिलं तर फाइल जशीच्या तशी ठेवा, नंतर पुन्हा टाइप करू नका. 'तिसऱ्या' मधला 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याचा 'ऱ' वापरून, किंवा साधा 'र', हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, हॅश मात्र वेगळे. प्रामाणिक चोर खोटा ठरायला तेवढं पुरतं.

एकट्या चोरानेच हॅश टाकला तर पुन्हा चिठ्ठीचीच गोष्ट: गुपित आहे हे कळलंच. म्हणून पहिल्या सेशनलाच प्रत्येकाने बरोब्बर एक हॅश टाकायचा. गुपित नसेल त्याने 'काही नाही' लिहून सॉल्ट टाकायचं. एकच, कारण तीन वेगवेगळे हॅश टाकून जमलं ते उघडायची पळवाट नको.

फाइल उघडायलाच नकार दिला तर गणित काही करू शकत नाही. त्यामुळे कॅम्पेन संपलं की सगळ्यांनी फाइल्स उघडायच्या, हे आम्ही आधीच ठरवून टाकलंय. सध्या पाच हॅश ग्रुपवर पिन केलेले आहेत, आणि आमचा योद्धा अलीकडे जरा जास्तच गोड बोलतोय.