परदेशी पाठवण्याआधी मुलांना निर्णय घ्यायला शिकवू या

नीटचा निकाल लागला की जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे इथल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. सरकारी कॉलेजात नंबर लागत नाही, खासगीची फी झेपत नाही. मग रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया. एजंट घरी येतो, मामू आणि चाचा बसतात, अब्बा हिशेब मांडतात. ज्याला जायचे आहे तो मुलगा किंवा मुलगी मात्र गप्प बसून ऐकते. आम्हा शिक्षकांना हेच खटकते. कारण विमानात बसल्यानंतरचा प्रत्येक निर्णय त्या मुलालाच घ्यायचा असतो.

जून २०२४ मध्ये रशियातील वेलिकी नोव्हगोरोद शहरात वोल्खोव नदीत चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. त्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातील मुले होती. अल्लाह त्यांच्या घरच्यांना सब्र देवो. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण अनोळखी नदी, अनोळखी हवामान, अनोळखी शहर यांची माहिती आधी घ्यावी लागते, हे आपण आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. त्याच वर्षी मे महिन्यात बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि हजारो भारतीय मुलांना शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. अशा वेळी खोलीतच थांबायचे की निघायचे, कुणाचे ऐकायचे, हे सांगायला मोठे माणूस जवळ नसते.

म्हणून चौकशीचे काम एजंटवर किंवा मामूवर न सोपवता मुलाकडेच द्यावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नोव्हेंबर २०२१ चे नियम त्याने स्वतः वाचावेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आहे का? त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आहे का? शिकवणे इंग्रजीतून आहे का? ती पदवी घेऊन त्या देशात डॉक्टरी करण्याचा परवाना मिळतो का? यातले एक उत्तर जरी 'नाही' आले, तरी भारतात नोंदणी अडते. शिवाय परतल्यावर ३०० गुणांच्या परीक्षेत १५० गुण मिळवावे लागतात, आणि त्यात पास होणाऱ्यांचे प्रमाण अनेकदा चौथ्या हिश्श्याहूनही कमी राहिले आहे. एजंट हे सहसा सांगत नाही.

पैशाचा हिशेबही मुलासमोरच व्हावा. पहिल्या वर्षाची फी म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. सहा वर्षांची फी, वसतिगृह, जेवण, विमा, व्हिसा, येण्याजाण्याचे तिकीट असे सगळे एका कागदावर मुलानेच लिहावे. कर्जाच्या व्याजात सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिच्या भरवशावर कुणी कर्ज काढायला सांगत असेल तर सावध व्हावे. घरातले सोने किंवा जमीन जाणार असेल, तर ते मुलाला माहीत असलेच पाहिजे. म्हणजे जबाबदारीची जाणीव आपोआप येते.

आणखी काही कामे अकरावीपासूनच मुलांवर सोपवावीत: बँकेचे व्यवहार, रेल्वेचे तिकीट, स्वतःचा स्वयंपाक. हलाल जेवण सगळीकडे तयार मिळत नाही, तेव्हा डाळ-भात आणि अंड्याचे कालवण करता आले तरी मोठा आधार होतो. हे मुलींइतकेच मुलांनाही लागू आहे. तिथली भाषा निघण्याआधीच शिकायला घ्यावी, कारण वर्ग इंग्रजीत असला तरी दवाखान्यातला रुग्ण तिथलीच भाषा बोलतो. पोहोचताच परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंदणी करावी आणि दूतावासाचा नंबर मोबाईलसोबत कागदावरही ठेवावा.

इतके करून मुलगा किंवा मुलगी म्हणाली, "अब्बा, हे कॉलेज नको," तर तिचे ऐकावे. दूर देशी तिला कुणाला तरी 'नको' म्हणावे लागेलच. ते म्हणायची सवय आपल्याच घरात लागलेली बरी.