झडप बदलायची, पण कोणत्या वाटेनं?

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस आज हृदयाच्या झडपेवर बोलणार म्हणून काहींना नवल वाटलं असेल. कारण आधीच सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या टू-डी इकोत महाधमनीची झडप अरुंद होत चालल्याचं दिसलं. आजार अजून मध्यम आहे, पण पुढे निर्णय घ्यावा लागेल. आता भेटेल तो विचारतो, "छाती उघडायची की जांघेतून करायचं? चांगलं कुठलं?" आज आपण हा प्रश्नच तपासून पाहू.

हृदयातून रक्त महाधमनीत जातं, तिथे तीन पाकळ्यांची झडप असते. निरोगी झडप उघडली की साधारण 3 ते 4 चौरस सेंटिमीटर वाट मिळते. वयानुसार पाकळ्यांवर कॅल्शियम साठतं, त्या ताठरतात. वाट 1 चौरस सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याखाली आली की आजार तीव्र समजतात. जिना चढताना दम लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं ही त्याची लक्षणं. औषधानं ही झडप मोकळी होत नाही. ती बदलावीच लागते.

जुनी वाट शस्त्रक्रियेची. छातीचं हाड कापतात, हृदय थांबवून रक्ताभिसरण यंत्रावर घेतात, खराब झडप कापून काढतात आणि नवी शिवतात. नवी वाट 'टावी'ची. फ्रान्समधल्या रूआँ इथे आलां क्रिबिए यांनी 2002 मध्ये माणसावर ती प्रथम केली. बहुधा जांघेतल्या धमनीतून, मिटवलेली झडप नळीनं वर नेतात आणि जागेवर उघडतात. इथे एक गोष्ट लक्षात घ्या बरं का: जुनी झडप काढत नाहीत, ती बाजूला दाबली जाते. फायदे-तोटे बरेचसे यातूनच येतात. छाती उघडावी लागत नाही, माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. पण कडेनं थोडं रक्त गळू शकतं, आणि हृदयाच्या विद्युतवाहिनीवर दाब आल्यानं पेसमेकर लागण्याची शक्यता, विशेषतः काही प्रकारच्या झडपांत, जास्त असते.

आता आकडे पाहू. 'पार्टनर' चाचणीचे पहिले निष्कर्ष 2010 मध्ये आले. ज्यांची शस्त्रक्रिया करणंच शक्य नव्हतं, अशा रुग्णांमध्ये वर्षभरात टावी गटातले 30.7 टक्के दगावले, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातले 50.7 टक्के. पुढे 'पार्टनर 3'मध्ये कमी जोखमीच्या रुग्णांत टावीची थेट शस्त्रक्रियेशी तुलना झाली. मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा इस्पितळात दाखल होणं, यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण पहिल्या वर्षी 8.5 विरुद्ध 15.1 टक्के होतं. टावी पुढे होती. पाच वर्षांनी ते 22.8 विरुद्ध 27.2 झालं, आणि हा फरक निर्णायक म्हणता येईल इतका उरला नाही.

मग उत्तर काय? 'किती वर्षांसाठी?' हे विचारल्याशिवाय ते देता येत नाही. टावीची झडप प्राण्याच्या ऊतीपासून बनवतात, ती कालांतरानं झिजते. पंच्याऐंशीच्या माणसाला बहुधा ती पुरते. पन्नाशीतल्या माणसाला दुसरी, कदाचित तिसरीही लागेल, आणि झडपेत झडप बसवणं दर वेळी सोपं नसतं. शस्त्रक्रियेत धातू-कार्बनची टिकाऊ झडप बसवता येते, पण मग रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर. शिवाय ज्यांची झडप जन्मतः दोनच पाकळ्यांची, ते 'पार्टनर 3'मध्ये घेतलेच नव्हते. त्यांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

युरोपातल्या तज्ज्ञांनी टावीकडे झुकण्याचं वय 2021 मध्ये 75 धरलं, 2025 मध्ये 70. अमेरिकेतल्या 2020 च्या सूचनांप्रमाणे 65 च्या आत शस्त्रक्रिया, 80 च्या पुढे टावी, आणि मधल्या टप्प्यात रुग्णानं व डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. मंडळी, हा मधला टप्पा म्हणजे आम्हीच!

ह्यूम म्हणून गेला की 'काय आहे' यातून 'काय करावं' हे आपोआप निघत नाही. आकडे सांगतात काय घडतं. पेसमेकर जास्त खटकेल की पुन्हा ऑपरेशन, दोन महिने अंथरूण सोसवेल का, खर्च किती पेलवेल, हे ज्याच्या छातीत झडप आहे त्यानं सांगायचं. आपल्याकडे मात्र मुलं दाराबाहेर डॉक्टरांशी बोलतात आणि आत येऊन म्हणतात, "बाबा, ठरलंय." प्रेमापोटीच करतात, पण प्रश्न आमचा असतो.

म्हणून आम्ही एका कागदावर या प्रश्नांची आपली उत्तरं लिहून लेकीला वाचून दाखवली. "आत्ताच कशाला हे?" म्हणून ती आधी चिडली. मग म्हणाली, "वेळ आली की हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन, दोघांना एकत्र भेटू. बोलायचं मात्र तुम्ही."

तुम्हीही असा कागद लिहा, दम लागायच्या आधी. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.