विषाणूची कळ

मानवी पेशीत शिरलेला एचआयव्ही आपल्या आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करतो व ती पेशीच्या रंगसूत्रात कायमची जडवतो. सुमारे 9,700 अक्षरांच्या या मजकुराच्या दोन्ही टोकांस सुमारे 630 अक्षरांची एकच पुनरावृत्ती असते. आरंभीच्या पुनरावृत्तीवरून कोणतेही प्रथिन बनत नाही. पुढील जनुके केव्हा व किती वेगाने वाचली जावीत, हे मात्र तीच ठरविते.

हे नियंत्रण चालते कसे? या पट्ट्यावर पेशीतील नियामक प्रथिने येऊन बसण्याच्या ठरावीक जागा असतात. त्यांपैकी एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन पेशी विश्रांत असता केंद्रकाबाहेर बांधलेले असते. रोगजंतूची चाहूल लागून पेशी उद्दीपित झाली की ते सुटून केंद्रकात शिरते. शरीराच्या संरक्षणासाठी धावणारा हा दूतच विषाणूने आपल्या सेवेस जुंपला आहे! तरीही प्रारंभी वाचन थोड्याच अंतरावर अडखळते. जे थोडे आरएनए पूर्ण होतात, त्यांपासून टॅट नावाचे प्रथिन बनते. ते नवजात आरएनएच्या अग्रभागी असलेल्या वेटोळ्यास चिकटते, पेशीतील एक विकर तेथे ओढून आणते आणि वाचन पुढे सरकते. वाचन वाढले की टॅट वाढते, व टॅट वाढले की वाचन.

अमेरिका व पश्चिम युरोपात प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘बी’ उपप्रकारात एनएफ-कप्पा-बीच्या सामान्यतः दोन जागा असतात. भारतात, मग रायपूर असो वा पुणे, बहुसंख्य रुग्णांत ‘सी’ उपप्रकार असतो; त्यात तीन. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील उदयकुमार रंगा व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये चार जागा असलेले विषाणू भारतात पसरत असल्याचे दाखविले. प्रयोगशाळेतील स्पर्धेत त्यांनी तीन जागांच्या विषाणूंवर मात केली. रुग्णांच्या रक्तातही त्यांचे प्रमाण अधिक आढळले. सीडी-4 पेशींच्या संख्येत मात्र लक्षणीय फरक नव्हता. म्हणून हा विषाणू अधिक घातक आहे, असा निष्कर्ष एवढ्यावरून काढणे उतावीळपणाचे ठरेल.

रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळीच आहे. विश्रांत पेशीत ही कळ दबत नाही आणि विषाणूची प्रत निद्रिस्त राहते. प्रचलित औषधे विषाणूची वाढ रोखतात. निद्रिस्त प्रत त्यांच्या आवाक्याबाहेर असते. उपचार थांबताच बहुधा काही आठवड्यांत विषाणू पुन्हा प्रकटतो, म्हणून ते आजन्म घ्यावे लागतात. काही संशोधक या प्रती मुद्दाम जागवून त्या पेशी नष्ट करू पाहतात, तर काही टॅटला रोखून त्यांना कायमचे निजवू पाहतात. दोन्ही प्रयत्न अद्याप प्रयोगावस्थेतच आहेत.