विष ओढणारा दगड आणि आपला उसाचा फड



गळीत हंगाम सुरू झाला की फडात माणसांची वर्दळ वाढते. पाचटातल्या उंदरांमागे आलेला साप मग पायाखाली सापडतो. तो चावला की धावाधाव होते, पण पुष्कळदा चुकीच्या दिशेने. आमच्या शुक्रवार पेठेत काय किंवा एखाद्या वाडीत काय, जुन्या माणसांना विचारून पाहा. कोणी विष ओढणारा दगड सांगेल, कोणी जखमेला कोंबडीचे पिल्लू लावायला सांगेल, तर कोणी कडुनिंबाचा पाला चावायला देईल.

हे खूळ एकट्या आपलेच आहे असे समजू नका. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात साप चावलेल्याला भरपूर व्हिस्की पाजीत. आफ्रिकेत जळक्या हाडाचा ‘काळा दगड’ जखमेवर ठेवतात. गोव्याचे जेझुइट पाद्री सतराव्या शतकात कस्तुरी, मोती वगैरे घालून गोळे वळीत. ते खरवडून पोटात घेतले की विष उतरते, या समजुतीने युरोपातले धनिक ते सोन्याच्या डब्यांत जपून ठेवीत! इटलीतल्या फ्रान्सेस्को रेडी या वैद्याने मात्र पूर्वेकडून आलेले सर्पदगड जनावरांवर प्रयोग करून तपासले आणि त्यात काही गुण नाही, असे १६७१ सालीच छापून टाकले.

मग दगड चिकटतो कसा? जळके हाड सच्छिद्र असते. ते जखमेतले रक्त शोषते, म्हणून चिकटते. विष तोवर आत पसरलेले असते. आणि माणूस वाचतो तो? आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. असा माणूस दगडाविनाही वाचलाच असता. पण नाव दगडाचे होते. मेला, तर ‘आणायला उशीर झाला’ म्हणायचे!

आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांची भीती. घोणसाने सूज येते, रक्त गोठत नाही, मूत्रपिंडे निकामी होतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. कोपीत झोपणाऱ्या तोडणी कामगारांनी हे ध्यानात ठेवावे. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यापाड्यांतली.

खरा उतारा एकच, सर्पविषावरची लस. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात, त्याच्या रक्तात विषाला मारक द्रव्य तयार होते, त्यापासून ही लस बनते. आपल्याला विशेष वाटावे ते असे, की हे विष पुरवण्यासाठी तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींनी १९७८ साली चक्क सहकारी संस्था काढली. पिढीजात साप पकडणाऱ्यांनी सहकारातून जीव वाचवण्याचे काम हाती घेतले.

तेव्हा साप चावल्यास एवढे करा. चावलेल्याला धीर द्या, चालू देऊ नका. हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा. अंगठी, जोडवी, कडे काढा. करकचून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. साप मारण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठा.

फडात गमबूट, रात्री हातात बॅटरी आणि कोपीत अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी असू द्या. आणि प्रत्येक मुकादमाने टोळी उतरली त्याच दिवशी ठरवून ठेवावे, रात्री-अपरात्री गाडी कोणाची आणि जवळचा लस असलेला दवाखाना कोणता.